बालमैत्रिणीच्या आठवणी जमवताना: कामाचा क्रम आणि बारकावे

लहानपणापासूनची मैत्रीण गेली, की तिच्या आठवणी तरी आपल्यापाशी आहेत असं आपण धरून चालतो. पण त्या एका जागी कुठेच नसतात. थोड्या आपल्या डोक्यात, थोड्या फोनमध्ये, थोड्या तिच्या आईच्या बोलण्यात, थोड्या जुन्या अल्बमात आणि एखाद्या कॅसेटवर. यातली प्रत्येक गोष्ट आपापल्या वेगाने नाहीशी होत असते. आम्ही काही बालमैत्रिणींनी मिळून आमच्यातल्या एकीच्या आठवणी गोळा केल्या, नीट लावल्या आणि तो संग्रह तिच्या घरच्यांच्या हाती दिला. त्या कामात जे समजलं ते इथे लिहीत आहोत. सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगतो. काय जमवायचं यापेक्षा कोणत्या क्रमाने जमवायचं, हे जास्त महत्त्वाचं आहे. क्रम चुकला तर नंतर कळलेली गोष्ट आधीच्या आठवणीवर जाऊन बसते आणि खालची आठवण मग सुटी करता येत नाही.

सुरुवात कोऱ्या कागदाने करायची. अल्बम उघडायचा नाही, जुने मेसेज चाळायचे नाहीत, एकमेकींना फोन करून 'तुला ते आठवतंय का' असं विचारायचं नाही. प्रत्येकीने आपापल्या घरी, एकटीने बसून लिहायचं. हे जड जातं, कारण माणूस गेल्यावर हात पहिल्यांदा फोटोंकडेच जातो. पण फोटोचा जोर फार असतो. तो पाहिला की त्या प्रसंगाची आपण पाहिलेली बाजू पुसट होते आणि कॅमेऱ्याने पाहिलेली बाजू तिची जागा घेते. आठवण प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्येच मांडलं होतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २० प्रौढांना त्यांचा लहानपणीचा, गरम हवेच्या फुग्यात बसल्याचा बनावट फोटो दाखवला होता. अशा फुग्यात ते कधीच बसले नव्हते. तरी तीन मुलाखतींनंतर त्यांच्यातल्या निम्म्या लोकांना त्या सफरीतलं काही ना काही 'आठवू' लागलं. खऱ्या फोटोचा परिणाम याहून कमी कशाला असेल?

एकत्र बसून आठवण्यातही हाच धोका असतो. गटाने मिळून आठवलं, तर तेवढ्याच माणसांनी वेगवेगळं बसून आठवलेल्याच्या बेरजेपेक्षा कमी निघतं, असं स्मृतीवरच्या प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. एकीचा धागा दुसरीच्या धाग्याला मध्येच तोडतो. शिवाय जी जास्त बोलते तिची आठवण सगळ्यांची होऊन बसते. एकत्र बसायचंच आहे, पण सगळ्यांचे कागद लिहून झाल्यावर.

लिहायची पद्धत साधी ठेवली: एक आठवण, एक कार्ड. पोस्टकार्डाएवढा जाड कागद पुरतो. त्यावर जागा, इयत्ता किंवा साधारण वय, कोण कोण होतं आणि नेमकं काय घडलं हे लिहायचं. खाली कोपऱ्यात ही आठवण कुठून आली ते टाकायचं: स्वतः पाहिलं, तिने सांगितलं, की तिसऱ्याकडून ऐकलं. ही शेवटची नोंद पहिल्या दिवशी फालतू वाटते, पण पुढे दोन कार्डं एकमेकांशी भांडायला लागली की तिचाच आधार असतो.

कार्डावर गुणवर्णन नको. 'ती फार प्रेमळ होती' हे वाक्य हजार माणसांबद्दल खरं असतं. असं कार्ड आलं की ते बाजूला ठेवून विचारायचं, कशावरून? मग खरं कार्ड येतं. उदाहरणार्थ: 'सहावी. मधली सुट्टी संपत आलेली. माझ्या वहीचं कव्हर फाटलं होतं आणि पुढच्या तासाला वह्या तपासणार होते. तिने आपल्या वहीचं कव्हर काढलं, आतली बाजू बाहेर करून माझ्या वहीला चढवलं, म्हणजे तिचं नाव आत गेलं. स्वतः पाहिलं.' एवढ्यात ती दिसते. प्रेमळ हा शब्द मग लिहावाच लागत नाही.

आठवायला बसलं आणि काही सुचत नसलं, तर नकाशा काढावा. वर्गाचा, बाकांच्या रांगांचा, तिच्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्याचा, तिच्या घरातल्या खोल्यांचा. प्रमाण चुकलं तरी चालतं. प्रत्येक वळणावर, प्रत्येक दाराशी थांबून तिथे काय झालं होतं ते विचारायचं आणि नकाशावर आकडा टाकून तोच आकडा कार्डावर लिहायचा. जागेला बांधलेल्या आठवणी अशा एकामागून एक निघतात, त्या 'तिच्याबद्दल काहीतरी लिही' म्हटल्यावर निघत नाहीत. दुसरा चांगला मार्ग तिच्या हातांचा. ती पेन कसं धरायची, दप्तर कोणत्या खांद्यावर, वेणी स्वतः घालायची की घालून घ्यायची, पायऱ्या उतरताना कठड्याला हात लावायची का. एका वेळी अर्धा तास पुरे. त्यापुढे डोकं थकतं आणि रिकाम्या जागा कल्पनेने भरायला लागतं. कार्डं कालक्रमाने लिहायचा आग्रह धरू नये, ती नंतर लावता येतात.

आयुष्यभराच्या मैत्रीत एक अडचण हमखास येते. माणसाला साधारण १० ते ३० या वयातलं सगळ्यात जास्त आठवतं, आणि तीनेक वर्षांच्या आधीचं जवळजवळ काहीच नाही. त्यामुळे शाळा-कॉलेजच्या कार्डांचा ढीग होतो आणि चाळिशी-पन्नाशीतली मैत्रीण हरवते. लोक म्हणतात, तेव्हा काही विशेष घडलंच नाही. घडलेलं असतं, पण फोनवरच्या बोलण्यात विखुरलेलं असतं. तो काळ वेगळ्या प्रश्नांनी काढावा लागतो: तेव्हा ती कुठल्या घरात राहत होती? कुणाच्या आजारपणात होती? फोन कोण करायचं, कोणत्या वेळी? फोन उचलल्यावर तिचा पहिला शब्द काय असायचा? शेवटचं भांडण कशावरून झालं आणि ते मिटवलं कुणी? आम्हांला विचाराल, तर संग्रहाची खरी किंमत या मधल्या वर्षांत असते. बालपण तसंही सगळ्यांना आठवतं.

कार्डं लिहीत असतानाच एक काम मात्र समांतर उरकावं लागतं, कारण त्याला मुदत असते. ते म्हणजे फोन आणि खाती. घरच्यांना एवढंच सांगायचं, की तिचं सिम घाईने बंद करू नका. नंबर बंद झाला की बहुतेक खात्यांचे ओटीपी येणं थांबतं, आणि काही काळाने तोच नंबर दुसऱ्याला दिला जाऊ शकतो. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस वापरात नसेल तर काढून टाकलं जातं. गूगलचं वैयक्तिक खातं दोन वर्षं न वापरलेलं राहिलं तर तेही पुसलं जाऊ शकतं, आणि त्यात तिचे फोटो असतात. हयात असतानाच आपल्यामागे खात्याचं काय व्हावं हे ठरवून ठेवायची सोय गूगलमध्ये आहे, ॲपलमध्ये आहे, फेसबुकवरही आहे. तिने कुणाला नेमलं असेल तर काम सोपं होतं. तिचा पासवर्ड आपल्याला माहीत असला तरी आपण मैत्रिणींनी आत शिरू नये. ते घरच्यांनी करावं, आणि आत काय पाहिलं हे आपल्याला सांगण्याचं बंधनही त्यांच्यावर नसावं.

आपल्या स्वतःच्या फोनमधलं तिच्याशी झालेलं बोलणं मात्र आपलं असतं. ते व्हॉट्सॲप चॅट एक्सपोर्ट करून, म्हणजे फाइल म्हणून बाहेर काढून ठेवायचं. त्याला संदेशांच्या संख्येची मर्यादा असते, आणि फोटो-व्हिडिओ सकट एक्सपोर्ट केलं की ती आणखी कमी होते. म्हणून एकदा मजकुराचं आणि एकदा मीडियासकट, असं दोनदा करावं. स्क्रीनशॉटवर विसंबू नये, त्यात नंतर शोधता येत नाही. व्हॉइस नोट्स ओपस नावाच्या ध्वनिफाइलच्या स्वरूपात असतात. मूळ फाइल जशीच्या तशी जपायची आणि ऐकायला वेगळी प्रत करायची. एकमेकींना फोटो पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत. नेहमीसारखे पाठवले तर फोटो दाबला जातो आणि कधी काढला त्याची फाइलमधली नोंदही जाते.

पुढचं काम माणसांचं, आणि त्यात सगळ्यात वयस्कर व्यक्ती आधी. शिक्षक, तिची आई, आत्या, शेजारच्या आजी. रेकॉर्डिंगला साधा फोन पुरतो. तो फ्लाइट मोडवर टाकायचा, टेबलावर घडी केलेल्या रुमालावर ठेवायचा म्हणजे टेबलाचे ठोके येत नाहीत, आणि बोलणाऱ्यापासून हातभरापेक्षा लांब ठेवायचा नाही. पंखा बंद. सुरुवातीला तारीख आणि कोण बोलतंय ते आपल्या आवाजात सांगायचं. मग दहा सेकंद गप्प बसायचं. त्या शांततेत खोलीतला आवाज नोंदला जातो आणि पुढे रेकॉर्डिंग साफ करताना उपयोगी पडतो. तासाभराच्या वर एका बैठकीत बसू नये.

प्रश्न कसा विचारायचा यावर सगळं अवलंबून असतं. १९७४ साली मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी लोकांना मोटारींच्या टकरीची चित्रफीत दाखवली. काहींना विचारलं, गाड्या 'धडकल्या' तेव्हा वेग किती होता, आणि काहींना त्याच जागी 'चक्काचूर झाल्या' अशा अर्थाचा शब्द वापरून विचारलं. दुसऱ्या गटाने वेग जास्त सांगितला, आणि आठवड्याने त्यांच्यातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचाही आठवल्या. चित्रफितीत काचा नव्हत्याच. म्हणून 'काकू, ती लहानपणी फार हट्टी होती ना?' असं विचारायचं नाही. 'काकू, ती शाळेतून आली की आधी काय करायची?' असं विचारायचं. पहिल्या प्रश्नावर काकू हो म्हणतात आणि विषय संपतो. दुसऱ्यावर त्या दार, दप्तर, पाण्याचा तांब्या असं करत करत आत जातात. त्या मध्येच थांबल्या तर घाईने पुढचा प्रश्न टाकू नये. बरंच काही त्या थांबण्यानंतरच येतं. आणि रडू आलं तर रेकॉर्डिंग थांबवावं, सुरू ठेवायचं की नाही हे त्यांनाच विचारावं. फोटो दाखवायचे ते बैठकीच्या शेवटच्या भागात, आधी नाही. कारण वर सांगितलं तेच.

आता अल्बम. चिकट पानांचा अल्बम असेल, ज्यात वर पारदर्शक पातळ कागद असतो, तर फोटो ओढून काढायला जाऊ नये. डिंक वर्षानुवर्षांत इतका घट्ट होतो की फोटोच दुमडतो किंवा त्याची पाठ सोलून निघते. आधी अख्खं पान जसं आहे तसं स्कॅन करायचं. मग मेण न लावलेला दातांचा दोरा (डेंटल फ्लॉस) फोटोच्या कोपऱ्याखालून घालून करवतीसारखा हळूहळू पुढे सरकवायचा. अडला तर तिथेच सोडायचं. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो काचेसकटच स्कॅन करावा, कारण सोडवायला गेलं तर चेहऱ्याचा थर काचेवर राहतो.

नेहमीचा १० गुणिले १५ सेंटिमीटरचा फोटो ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन केला की साधारण २४०० गुणिले ३६०० पिक्सेल मिळतात, ते पुरेसे आहेत. ओळखपत्राचा छोटा फोटो १२०० ला. गटाच्या फोटोत तिचा चेहरा नखाएवढा असेल तर तोही १२०० लाच. निगेटिव्ह मिळाली तर सोनंच. ३५ मिलिमीटर फिल्मची चौकट २४ गुणिले ३६ मिलिमीटर असते, तिला ३२०० डीपीआय द्यावा. तिची चमक नसलेली बाजू आणि चकचकीत बाजू यांत गल्लत झाली तर चित्र उलटं येतं. फळ्यावरची अक्षरं किंवा मनगटावरचं घड्याळ पाहून खात्री करावी. मूळ प्रत टिफमध्ये, म्हणजे तपशील न गाळणाऱ्या मोठ्या फाइलमध्ये ठेवायची, वाटायला जेपेग ही नेहमीची छोटी फाइल. स्कॅनरची 'आपोआप सुधारणा' बंद. जुने रंगीत फोटो लालसर पडतात, कारण त्यातले रंग सारख्या वेगाने उडत नाहीत. तो लालसरपणा काढायचा तर प्रतीत काढा, मूळ स्कॅनला हात लावू नका.

फोटोची पाठही स्कॅन करायची. हे बहुतेक लोक सोडतात. पाठीवर छपाईचा शिक्का असतो, कधी तारीख, कधी तिच्याच अक्षरातली एक ओळ. आपण मात्र पाठीवर बॉलपेनने लिहू नये, दाब पुढच्या बाजूला उमटतो. नावं लिहायची तर फोटो ज्या पाकिटात ठेवणार त्या पाकिटावर, आणि तीही फोटो आत घालण्याआधी. गटाच्या फोटोची साध्या कागदावर मोठी प्रत काढून चेहऱ्यांवर आकडे टाकले आणि ती प्रत सगळीकडे फिरवली, तर नावं भराभर मिळतात. फाइलला नाव देताना वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावं म्हणजे यादी आपोआप लागते. वर्ष अंदाजे असेल तर तसं नावातच लिहावं. अंदाज एकदा खात्रीसारखा लिहिला गेला की पुढे कुणी तो तपासत नाही.

पत्रांच्या बाबतीत पाकीट फेकायचं नाही. पत्रावर तारीख नसली तरी पाकिटावर टपालाचा शिक्का असतो. टाचण्या काढायच्या, कारण त्या गंजतात. रबर वितळून कागदाला चिकटतं. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावायची नाही, ती पिवळी पडते आणि डाग कायमचा राहतो. लॅमिनेशन तर अजिबात नाही, ते परत उलटवता येत नाही. घड्या उलगडून दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवून वर जाड पुस्तकं ठेवली की काही दिवसांत पत्र सपाट होतं. स्कॅन रंगीतच करावा, शाई काळी असली तरी, कारण नंतर दुसऱ्या पेनने घातलेली ओळ रंगावरूनच कळते. तारीख नसलेल्या पत्रांचा काळ अक्षरावरून बराच जवळ येतो. तारीख असलेली पत्रं ओळीने लावायची आणि तिचा अ, ळ, क्ष आणि सही कशी बदलत गेली ते पाहायचं. मग विनातारखेचं पत्र मधल्या कुठल्या जागी बसतं ते डोळ्यांना दिसतं. मजकूर टाइप करताना शुद्धलेखन सुधारू नये. ती आयुष्यभर 'खूप' ऱ्हस्व लिहीत असेल, तर संग्रहातही ते ऱ्हस्वच राहू द्यावं. खोडलेले शब्द वाचता येत असतील तर तेही कंसात टाकावेत.

कॅसेटवर तिचा आवाज असेल तर प्ले दाबण्याआधी वरच्या कडेचे दोन छोटे प्लॅस्टिकचे तुकडे तोडून टाकावेत, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होत नाही. फीत दिसते त्या खिडकीतून बुरशी दिसली, पांढरी भुकटी असली, तर ती घरी वाजवू नये, जाणकाराकडे द्यावी. फितीमागचा छोटा स्पंजचा तुकडा जागेवर आहे ना ते पाहावं. तो गळून पडला की आवाज खोल गेल्यासारखा येतो आणि लोकांना वाटतं कॅसेटच खराब झाली. प्लेअरचं हेड, म्हणजे फितीला टेकणारा धातूचा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने पुसायचं. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे नेऊन मगच वाजवायची, वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या फितीचा ताण त्याने सारखा होतो. स्पीकरसमोर फोन धरून रेकॉर्ड करू नये. प्लेअरच्या लाइन आऊटमधून (आवाज वायरने बाहेर नेणारं भोक) थेट कॉम्प्युटरला जोडावं आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट अशी निवड करावी. स्टीरिओत तासाला साधारण एक जीबी जागा लागते. आवाजाची सर्वांत उंच टोकं सॉफ्टवेअरच्या मीटरवर उणे ६ डेसिबलच्या खाली राहतील अशी पातळी ठेवायची, वर गेलेला आवाज फाटतो आणि तो नंतर जोडता येत नाही. खरखर काढायची ती प्रतीतून. मूळ फाइलमधली खरखर काढताना तिचा श्वास आणि शब्दांमधली थांबण्याची लकबही निघून जाते, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं.

आवाजाचं काम शेवटी ठेवावं आणि ते कुणीही एकटीने करू नये. फोटोला माणूस सरावतो. आवाजाला सरावायला फार वेळ लागतो.

सगळं जमल्यावर कार्डं मोठ्या जमिनीवर पसरून लावायची. इथे एकमेकींशी न जुळणारी कार्डं समोर येतात: एक म्हणते ती पाण्याला घाबरायची, दुसरी म्हणते तिनेच मला पोहायला शिकवलं. दोन्ही ठेवायची, प्रत्येकीच्या नावासकट, आणि निकाल लावायचा नाही. इयत्ता पाहिली तर बऱ्याचदा दोन्ही खरी निघतात, मध्ये वर्षं गेलेली असतात. 'सगळ्यांना पटेल असं' एकच गोड चित्र करण्याचा मोह होतो, त्याला आमचा ठाम विरोध आहे. तिचा रागीटपणा, अबोला धरायची सवय, हे काढून टाकलं की उरते ती कुणीही असू शकते.

गाळायचं ते वेगळ्या कारणाने गाळायचं. तिने विश्वासाने सांगितलेलं, तिच्या घरच्यांना माहीत नसलेलं, हयात माणसांना दुखावणारं. पत्राचा कागद ज्याला आलं त्याचा असतो, पण मजकुरावरचा हक्क सहसा लिहिणाऱ्याचा आणि तिच्यामागे वारसांचा. म्हणून कोणतंही पत्र संग्रहात घेण्याआधी घरच्यांना दाखवून विचारावं, आणि नको म्हणाले तर कारण विचारू नये.

शेवटी प्रती. तीन हव्यात, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरी. एक हार्ड डिस्क घरच्यांकडे, एक मैत्रिणींपैकी कुणाकडे, एक क्लाउडवर. सीडीवर भिस्त ठेवू नये. निवडक मजकूर आणि फोटो कागदावर छापून बांधून घ्यावेत, कारण कागद वाचायला कुठलंच यंत्र लागत नाही. हार्ड डिस्क वर्षातून एकदा जोडून फाइली खरोखर उघडतात का ते पाहायचं, आणि ते कोण पाहणार तिचं नाव आधीच ठरवायचं. छापील वहीच्या शेवटी काही कोरी पानं ठेवावीत. वही वाचून झाल्यावर कुणाला तरी हमखास आणखी एक गोष्ट आठवते. ती तिथेच लिहायची, जागा, इयत्ता आणि 'स्वतः पाहिलं' की 'ऐकलं' यासकट.